चपलांजवळची जागा

दीक्षा घाडीला मी तीन वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. कागदोपत्री तरी तसंच आहे. वर्गात ती कुठल्या बाकावर बसायची हे मला आज आठवत नाही. तिला गुण किती पडायचे, तेही नाही. मला ती आठवते एका शाळेच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ भिंतीला टेकून बसलेली. गुडघे पोटाशी घेतलेले, हातात काही नाही आणि नजर मुद्दाम भलतीकडे. नवखा माणूस आत आला असता तर त्याला वाटलं असतं, ही पोरगी कुणाची तरी वाट बघत वेळ काढतेय. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं.

आमचं कॉलेज मुलुंडचं. शिकवण्याखेरीज माझ्याकडे आणखी एक काम आहे. विद्यार्थ्यांना समाजसेवेला पाठवायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कुठेतरी साठ तास काम करावं लागतं, त्याचे क्रेडिट मिळतात. कोण कुठे गेलं, किती तास भरले, रोजच्या वहीत काय लिहिलं हे तपासून सही मी करायची. बरीच मुलं झाडं लावतात, काही रक्तदान शिबिरात टेबलं मांडतात. आणि सात-आठ जणांना मी दरवर्षी पूर्वेकडच्या त्या शाळेत पाठवतो. शाळा सुटल्यावर तिथे साडेतीन ते सहा एक वर्ग चालतो. आसपासच्या चाळींतली, ज्यांचे आईबाप दोघंही कामाला जातात अशी मुलं येतात. अभ्यास करतात, खेळतात, सहाला घरी जातात. बावीस-तेवीस मुलांत पाच-सहा जण असे असतात की कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचा पाय ओढतो, कुणी बोलत नाही. सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसायचं, हा त्या वर्गाचा नियम. वर्ग चालवतात माधुरीताई. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज खणखणीत.

ज्या मुलाला एकट्याने जमत नाही, त्याच्याबरोबर कॉलेजचा एक विद्यार्थी असतो. माधुरीताई त्याला सोबती म्हणतात. सोबती असला तर मूल वर्गात. नसला तर मुलाला एकट्याने जमलं पाहिजे, नाहीतर जागा पुढच्याला द्यायची, कारण यादीत नेहमी चार-पाच नावं खोळंबलेली असतात. हा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. माहीत नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

दीक्षा माझ्याकडे आली ती भांडतच. तिसऱ्या वर्षाचा जुलै होता. मी तिचं नाव वृक्षारोपणात घातलं होतं.

"सर, मला झाडं नकोत."

"का गं?"

"मागच्या वर्षी लावली ना. नंतर जाऊन बघितलं, एक पण नाही जगलं. लावायला पन्नास जण होते, पाणी घालायला कोणीच नाही. उगाच खड्डे."

भांडुपला राहायची. आजोबा गिरणीत होते, वडील कुरिअरच्या गोदामात. बोलणं झरझर, आणि चिडली की शेवटचं वाक्य मालवणीत यायचं. "आता काय करूचा ता तुम्हीच सांगा," असं म्हणून ती माझ्या टेबलासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. मी तिचं नाव शाळेच्या यादीत घातलं. उपकार केल्यासारखं घातलं.

तिच्या वाट्याला आली ओवी. आठ वर्षांची, स्वमग्न. शब्द पाच-सहा, तेही मनात आलं तर. कुणी एकदम जवळ आलं की कान झाकायची, फारच जवळ आलं तर समोरच्याचे केस धरायची. तिची आई अश्विनी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची, साडेपाचला सुटायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. ओवी त्या सतरंजीवर बसू शकत होती म्हणून अश्विनी काउंटरवर बसू शकत होती. इतकी सरळ गोष्ट होती.

पहिल्या आठवड्यात दीक्षाचे केस दोनदा ओढले गेले. तिसऱ्या दिवसापासून ती दाराबाहेर थांबून आधी कानातले काढायची, मग बांगड्या, मग ओढणी. सगळं एका पिशवीत. केसांचा डोक्यावर घट्ट गोळा. "पैलवान आली," असं साक्षी नावाची एक नऊ वर्षांची, अतिशय तोंडाळ मुलगी म्हणायची. दीक्षा तिच्याकडे बघून दंड फुगवून दाखवायची आणि आत जायची.

तिचं एक वाक्य होतं. "हात पाठी." नव्या सोबत्यांना ती खरोखरच हात पाठीमागे बांधून उभं करायची. कारण मुलाच्या हातून पेन्सिल पडली की आमचे विद्यार्थी चेंडू झेलायला धावावं तसे धावतात. मूल खाली बघेपर्यंत पेन्सिल परत त्याच्या हातात. "तिची पेन्सिल आहे, तुझी नाय," दीक्षा म्हणायची. "पडू दे. बघू दे. हात पाठी."

हे तिने मलाही ऐकवलं. मी एकदा संध्याकाळी हजेरीच्या कागदांवर सह्या करायला गेलो होतो. सहा वाजत आले होते, अश्विनी येऊन दाराशी थांबली होती आणि ओवी सँडलचा पट्टा लावत होती. पट्टा बकलात जायचा, निसटायचा. पुन्हा जायचा, पुन्हा निसटायचा. पाच मिनिटं झाली असतील. दाराशी माझी वाट अडली होती आणि मला घरी जायचं होतं. मी वाकलो.

"सर! हात पाठी."

सगळा वर्ग शांत झाला. साक्षीने तोंडावर हात घेतला. मी पन्नाशीचा माणूस, विभागप्रमुख, आणि मी खरंच हात मागे बांधून उभा राहिलो. अश्विनी खाली मान घालून हसत होती. पट्टा लागायला अजून बराच वेळ गेला. लागला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळ्यांना दीक्षाची बंदी होती. ओवीला आवाज सोसायचा नाही. ती उठली आणि आईचा हात धरून चालू लागली, बस.

बाहेर आल्यावर दीक्षा म्हणाली, "सॉरी सर. तोंडातून गेलं."

"असू दे."

"पण वाकू नका परत."

तिच्या वहीवरून आमचं वाजायचं. बाकीच्या मुलांच्या वह्या मला पाठ असतात. आज आम्ही मुलांना चित्रकला शिकवली, मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून खूप समाधान वाटले. पानामागून पान समाधान. दीक्षाच्या वहीत असायचं : "आज काही झालं नाही. चांगलं झालं." किंवा, "साडेतीन ते सहा बसले. ओवीने माझ्याकडे चारदा बघितलं. काल नऊदा." मी तिला बोलावून घेतलं.

"हे काय लिहिलंयस? काही केलं नाही असं लिहून मी तास कसे देऊ?"

"सर, काही करायला लागलं नाही, हेच तर काम आहे ना."

"वर कुणी वही मागितली तर?"

"मग द्या. खरं आहे ते."

मी सही केली. पण तिच्या "बसले"च्या पुढे माझ्या हाताने "व मार्गदर्शन केले" असं लिहिलं. ते तिने नंतर पाहिलं असणार.

त्या बसण्याचं गणित मला उशिरा कळलं. खोलीला जुन्या शहाबादी लाद्या आहेत, मोठ्या, चौकोनी. ओवीच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत सरळ रेषेत दहा. माधुरीताईंनी सगळ्याच सोबत्यांना सांगितलं होतं की हळूहळू लांब व्हा. बाकीच्यांनी मान डोलावली. दीक्षाने लाद्या मोजल्या. ऑगस्टमध्ये ती ओवीला चिकटून बसायची. मग एक लादी मागे सरकली. त्या लादीवर बसून ओवी सलग तीन दिवस शांत राहिली की पुढच्या दिवशी आणखी एक. एखादी लादी पंधरा दिवस घ्यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर तिला दोन लाद्या पुन्हा पुढे जावं लागलं. तिने खडूने कुठे खूण केली नव्हती, पण मुलांना सगळं ठाऊक होतं. "दीक्षाताई आज पाचवर," साक्षी मला दारातच सांगायची, स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात.

मार्चअखेर दीक्षाची शेवटची परीक्षा होती. त्यानंतर ती कॉलेजची राहणार नव्हती, आणि कॉलेजचा नसलेला माणूस त्या वर्गात बसू शकत नव्हता. तोवर ओवीला तिच्याशिवाय बसता आलं पाहिजे. दीक्षाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "दारापर्यंत फेब्रुवारी," तिने मला एकदा बोटं मोजून सांगितलं, "मग दाराबाहेर पंधरा दिवस, मग मी नाहीच. तिला कळायला पण नको मी कधी गेले ते."

"वाईट नाही वाटणार तुला?"

"मला काय, मी मोठी आहे," ती म्हणाली.

तिचे साठ तास ऑक्टोबरातच भरले होते. पुढचे तास तिने कशासाठी केले, हे मी विचारलं नाही. प्रमाणपत्रावर साठच छापलेले असतात.

जानेवारीतली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. मुलं विषामृत खेळत होती. ज्याच्यावर राज्य असतं त्याने शिवलं की विष, जागच्या जागी पुतळा व्हायचं. दुसऱ्या कुणी येऊन 'अमृत' म्हणत शिवलं की सुटका. ओवी एरवी या खेळात कोपऱ्यात असायची. तिच्या अंगावरून धावायचं नाही, एवढं मुलं शिकली होती. दीक्षा सातव्या लादीवर होती, पाठमोरी. साक्षीला विष मिळालं ते नेमकं ओवीच्या समोर. एक पाय वर, दोन्ही हात हवेत, जीभ बाहेर, अशी ती पुतळा झाली. बाकीचे सगळे लांब. ओवीने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठली, दोन पावलं पुढे आली आणि एका बोटाने साक्षीच्या कोपराला शिवली.

"सुटले!" साक्षी किंचाळली आणि लगेच स्वतःच तोंड दाबून कुजबुजली, "सुटले, सुटले."

"ए, ती अमृत बोलली नाय! चीटिंग!"

"बोटाने चालतं!"

"कुठे लिहिलंय?"

"तिला चालतं, मला चालतं, तू कोण रे?"

भांडण दहा मिनिटं चाललं आणि शेवटी असं ठरलं की ओवीचं बोट म्हणजे अमृत. मी दीक्षाकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मागे वळून मात्र पाहिलं नाही तिने. त्या दिवशी वहीत लिहिलं होतं : "ओवीने साक्षीला सोडवलं. मी नव्हते."

इथवर मी फक्त बघणारा होतो. इथेच थांबलो असतो तर हे सगळं आनंदाने लिहिलं असतं.

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजची तपासणी होती. बाहेरून तीन माणसांची समिती येणार, दोन दिवस सगळं बघणार, शेरा देणार. त्या शेऱ्यावर कॉलेजचं बरंच काही असतं, आणि माझंही थोडंफार होतं. प्राचार्यांनी माझा उपक्रम समितीला दाखवायचा ठरवला. "अर्धा तास थांबतील. काम दिसलं पाहिजे, सर," प्राचार्य म्हणाले. काम दिसलं पाहिजे. मी रिक्षाने घरी येईस्तोवर तेच घोळवत होतो, आणि डोळ्यांसमोर दीक्षा येत होती. ती तोपर्यंत दहाव्या लादीवर पोहोचली होती. दाराशी, चपलांजवळ.

मी तिला फोन केला.

"दीक्षा, उद्या समिती आली की तू ओवीजवळ बस."

"किती जवळ?"

"अगं जवळ म्हणजे जवळ. शेजारी. हातात हात धरून काहीतरी लिहून घे."

"सर, ती लिहिते आता. माझ्याशिवाय लिहिते."

"मला माहितीये गं. त्यांना कसं कळणार? त्यांना तू दारात चपलांजवळ बसलेली दिसणार. म्हणतील, ही मुलगी इथे मोबाइल बघायला येते."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"अर्ध्या तासात काय काय सांगू? अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे."

ती गप्प राहिली. तिला विशेष मुलांना शिकवण्याचा कोर्स करायचा होता आणि त्यासाठी माझ्याकडून शिफारसपत्र हवं होतं. ती गप्प असताना मी म्हणालो, "तुझ्या पत्राचंही मी बघतोच आहे."

हे वाक्य मी का बोललो, याची शंभर उत्तरं मी स्वतःला दिली आहेत. सहज बोललो, विषय बदलायला बोललो, खरंच आठवण झाली म्हणून बोललो. एकही टिकत नाही.

"बरं सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारला समिती आली. दीक्षा ओवीच्या शेजारी बसली होती. कानातले, बांगड्या, ओढणी सगळं काढून, नेहमीसारखी. ओवी तिच्याकडे टक लावून बघत होती, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग तिने आपला हात उचलून दीक्षाच्या हातात ठेवला. समितीतल्या बाई भारावल्यासारख्या म्हणाल्या, "किती सुंदर नातं आहे हो!" त्यांनी फोटो काढला. मी हसत उभा होतो.

"दीक्षाताई, तू इथे नाही बसायचं!" साक्षी मधेच ओरडली. "तुझी जागा तिकडे आहे!"

"साक्षी, पाहुणे आलेत ना? गप्प बस," मी म्हणालो.

"पण सर, ती तिथे..."

"गप्प बस म्हटलं ना!"

साक्षी गप्प बसली. माझा तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ओवीने कान झाकले नाहीत, कारण तिचा एक हात दीक्षाच्या हातात होता. समिती फारच खूश झाली. साडेचारला मी त्यांच्याबरोबरच गाडीत बसून कॉलेजला परतलो.

दुसऱ्या दिवशी दीक्षा दहाव्या लादीवर जाऊन बसली. ओवी कोपऱ्यातून उठली, सगळी खोली ओलांडून आली आणि तिच्या मांडीवर बसली. दीक्षाने तिला परत नेलं. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा ओवीने सतरंजीवर डोकं आपटायला सुरुवात केली. माधुरीताईंनी मला फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "सर, काल काय केलंत तुम्ही?" मी म्हणालो, काही नाही, समिती फार खूश होती.

दीक्षा पहिल्या लादीवर आली. परीक्षेला पाच आठवडे होते. जे काम तिने सहा महिन्यांत केलं होतं, ते आता पाच आठवड्यांत करायचं होतं, आणि ओवीला आता ठाऊक झालं होतं की ही बाई मागे सरकते. आधी ते ठाऊक नव्हतं. दीक्षा जरा हलली की ती तिचा कुर्ता मुठीत धरायची. विषामृत चालू असलं की साक्षी मुद्दाम तिच्यासमोर जाऊन पुतळा व्हायची, जीभ बाहेर काढून. ओवी बघायची नाही.

दीक्षा मला भेटायला स्टाफरूममध्ये आली. वजन उतरलं होतं.

"सर, मला परीक्षेनंतर पण येऊ द्या. जूनपर्यंत. फुकट. मला तास नकोत, काही नको."

"तू कॉलेजची राहणार नाहीस ना गं. शाळेची परवानगी कॉलेजच्या नावावर आहे. उद्या काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"नियम आहे."

"प्राचार्यांना विचारा ना."

मी विचारलं. ते नाही म्हणाले. पुन्हा विचारायला हवं होतं, लेखी अर्ज द्यायला हवा होता, शाळेत जाऊन बसायला हवं होतं. मी एकदाच विचारलं, आणि तेही ते जेवायला निघालेले असताना, उभ्या उभ्या.

शेवटच्या दिवशी ती तिसऱ्या लादीवर होती, असं मला साक्षीने सांगितलं. घोषणेच्या आवाजात नाही. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. जमलं असतं, पण गेलो नाही.

एप्रिलमध्ये मी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ओवीसाठी पाठवली. चांगली होती बिचारी. दोन दिवस आली, दुसऱ्या दिवशी तिच्या केसांचा पुंजका ओवीच्या मुठीत राहिला. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा मला फोन आला. मे महिन्यात माधुरीताईंनी ओवीची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्या मुलाची आईही कुठल्यातरी काउंटरवर बसत असेल.

अश्विनी मला भेटायला कॉलेजात आली. लॅबचा निळा कोट तसाच अंगावर, जेवणाच्या सुट्टीत आली असावी. खुर्ची दिली तर बसली नाही.

"सर, रोज नको. दिवसाआड चालेल. तासभर चालेल."

"ताई, ते माझ्या हातात नाही."

"दीक्षा येते म्हणते. तिला मी घरी बोलावलं असतं, पण घर बंद असतं, मी कामावर. कोणाच्या भरवशावर दोघींना सोडू?"

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही बघा सर," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता. समितीच्या वेळचा तो फोटो मीच तिला पाठवला होता आणि तो तिने मोबाइलच्या पडद्यावर लावला होता. बोलताना फोन तिच्या हातात होता, आणि पडदा उजळला की त्या दोघी दिसायच्या. मी दुसरीकडे बघत राहिलो.

जूनमध्ये कळलं की अश्विनीने लॅब सोडली आणि ओवीला घेऊन मानखुर्दला बहिणीकडे राहायला गेली.

शिफारसपत्र मी लिहिलं होतं. दोन पानी लिहिलं. आयुष्यात कुणासाठी इतकं चांगलं पत्र मी लिहिलेलं नाही. दीक्षा ते न्यायला आली नाही. मी दोनदा मेसेज केला. तिने एकदा हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं, बस.

समितीच्या अहवालात आमच्या उपक्रमाचं खास कौतुक होतं. तो परिच्छेद चौकटीत लावलेला आहे, प्राचार्यांच्या खोलीबाहेर.

त्यानंतर दोन वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, दीक्षा मला घाटकोपर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत भेटली. मी तिला ओळखलं नव्हतं. केस कापले होते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, कानात मोठाले डूल.

"सर! इकडे कुठे?"

मी म्हटलं, बहिणीकडे चाललोय. तू काय करतेस? ती म्हणाली, विमा कंपनीत आहे, क्लेमच्या फोनवर. "लोक ओरडतात, मी ऐकते. झकास चाललंय." कोर्सचं विचारलं तर म्हणाली, "राहिला." रांग पुढे सरकली. आमच्यापुढे सहा-सात माणसं होती. दोन वर्षं मी मनात घोकलेलं बोलायला तेवढा वेळ पुरे होता.

"दीक्षा, त्या दिवशी मी तुला ओवीशेजारी बसायला लावलं. माझं फार चुकलं. आणि पत्राचं जे बोललो..."

"सर, नका ना."

"नाही, मला बोलू दे."

"नाही सर, तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही सांगितलंत म्हणून नाही बसले मी. मी नाही म्हणू शकले असते. तुम्हाला कितीदा नाही म्हटलंय मी. पण सहा महिने मी तिच्याकडे पाठ करून बसत होते. रोज. ती काय करते ते बघायचं पण नाही, नुसतं ऐकायचं. तुमचा फोन आला ना, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी सांगितलंय."

रांग पुन्हा थोडी सरकली.

"आणि तुम्ही अर्धा तास म्हणाला होतात. तुम्ही सगळे साडेचारला गेलात. मी उठायला हवं होतं. तिने हात धरला होता, तर मी सहापर्यंत तशीच बसून राहिले. अश्विनीताई आल्या तरी बसलेली होते. माझं मलाच उठवेना."

खोटं कशाला सांगू, ते ऐकताना एक क्षणभर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आणि ते उतरलं याचीच मला शिसारी आली. ती तेव्हा वीस वर्षांची होती. मला तिचा शेवटचा दिवस बघवला नसता म्हणून मी गेलो नव्हतो, आणि हे सगळं ती दोन वर्षं एकटी घेऊन फिरत होती, रोज लोकांचं ओरडणं ऐकत.

"अगं, तुझं काही..." मी सुरुवात केली. तिचं काही चुकलं नाही म्हणावं, तर ते तिला पटलं नसतं. ती खरं लिहिणारी मुलगी होती.

"चला, एक सीट, एक सीट! मॅडम, बसा लवकर," रिक्षावाला ओरडला. ती आत चढली, पर्स मांडीवर घेतली. मग एकदम बाहेर वाकून म्हणाली,

"सर, अश्विनीताईंचा नंबर आहे का तुमच्याकडे? माझ्याकडचा लागत नाही आता. मानखुर्दला जाऊन आले मी दोनदा, पण बहिणीचं आडनाव कुणाला माहीत नाही."

"नाही गं," मी म्हणालो. "माझ्याकडचाही तोच असणार, जुना."

"माधुरीताईंकडे पण जुनाच आहे."

"मी बघतो," मी म्हणालो. सवयीने म्हणालो.

रिक्षा सुटली. पुढे बस अडकली होती म्हणून ती हळूहळूच चालली होती, आणि दीक्षा मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होती. बहुतेक तिला वाटत असावं की मला काहीतरी आठवेल, एखादा पत्ता, कुणाचं तरी नाव. मी हात हलवून नाही म्हटलं. तरी रिक्षा वळेपर्यंत ती बघतच राहिली.